केनियातल्या मंडळीसाठी (तिथल्या चर्चसाठी) प्रार्थना करताना नेमकं काय मागायचं?

शरणपूरची_लेक

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमच्या महिला मंडळात दर बुधवारी एका देशासाठी मध्यस्थीची प्रार्थना असते. येत्या बुधवारी केनियाची पाळी आहे आणि चालवायचं माझ्याकडे आलंय. मागे एकदा असाच आफ्रिकेतला एक देश होता. तेव्हा एका वडीलधाऱ्या बाईंनी कळवळून प्रार्थना केली, "प्रभो, त्या अंधारातल्या गरीब लोकांना तुझा प्रकाश दाखव." सगळ्या आमेन म्हणाल्या, मीही म्हणाले. घरी येऊन भाकऱ्या थापताना मात्र ते आमेन मनात टोचायला लागलं. केनियात २०१९च्या जनगणनेप्रमाणे शंभरातले पंच्याऐंशी लोक ख्रिस्ती आहेत. रविवारी आपल्याकडे बाकं रिकामी दिसतात, तिथे माणसं दारात उभी असतात. मग अंधारात कोण आहे आणि कोणासाठी कोणी प्रार्थना करायची?

माझ्यासाठी हा प्रश्न घरचाच आहे, कारण मी शरणपुरात वाढले. नाशिकबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. १८५०च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनरींनी नाशिकला शरणपूर वसवलं. इंग्रजांच्या आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली की त्यातली सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत. त्यातली पुष्कळ मुलं पुढे शरणपूरच्या आश्रमात आली. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली, तिथेच त्यांचे बाप्तिस्मे झाले. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात. आफ्रिकेत फिरलेले प्रसिद्ध मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली वारले तेव्हा त्यांच्या दफनविधीचे शब्द वाचणारा जेकब वेनराइट याच शरणपूरचा. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता.

मग १८७५ साली प्राइससाहेबांनीच मोंबासासमोर फ्रिअर टाउन वसवलं. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रिअर यांचं नाव त्या वस्तीला दिलं आणि मुंबई-नाशिककडून सुमारे दीडशे आफ्रिकन माणसं तिथे गेली. शिक्षक, सुतार, लोहार, उपदेशक. केनियाच्या किनाऱ्यावरची मंडळी उभी राहिली ती बऱ्याच अंशी यांच्या खांद्यावर. फ्रिअर टाउनचा घंटेचा मनोरा अजून उभा आहे. गुलाम पकडणाऱ्यांचं गलबत दिसलं की ती घंटा वाजवायचे. त्या जागेला आजही केंगेलेनी म्हणतात, स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा.

तेव्हा मला 'तिकडच्या बिचाऱ्यांसाठी' अशी प्रार्थना चालवायची नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा, आज तिथल्या मंडळीला खरोखर कुठे दुखतंय?

मुळाकाठ

मी ख्रिस्ती नाही. इतिहासाच्या ओढीने धागा उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. तुमच्या शरणपूरच्या यादीत विल्यम जोन्स हे नाव ठळक लिहा.

हाही सोडवलेला मुलगा, नाशिकला शिकलेला. १८६४ साली तो पूर्व आफ्रिकेत परतला आणि मोंबासाजवळच्या राबाईला काम करू लागला. १८८५मध्ये त्याला आणि इश्माएल सेमलर या दुसऱ्या नाशिककराला एकत्रच डीकनपदाची (पाळकाच्या खालच्या पायरीची) दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाला निघाले, जोन्स त्यांच्याबरोबर होता. वाटेत बिशपनी मोठा तांडा जोन्सच्या हवाली केला आणि स्वतः थोडी माणसं घेऊन पुढे गेले. ऑक्टोबरात आजच्या युगांडातल्या बुसोगात बिशपना मारलं. बातमी येईपर्यंत जोन्स थांबून राहिला आणि मग शेकडो मैल तो तांडा माघारी घेऊन आला. फेब्रुवारी १८८६मध्ये राबाईत शिरताना तांड्यापुढे एक निळं निशाण होतं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ईखाबोद' लिहिलेलं. वैभव गेलं, असा त्याचा अर्थ तुमच्या शास्त्रात आहे ना? ते निशाण धरून चालत आलेला माणूस मला विसरता येत नाही.

याच जोन्सच्या काळात पळून आलेले गुलाम राबाईत आसरा घेत. मालक त्यांना परत मागायला आले तेव्हा तडजोड होऊन भरपाई दिली गेली आणि १८८९च्या पहिल्या जानेवारीला चौदाशेहून अधिक माणसांना मुक्तीचे कागद मिळाले. एवढं करूनही गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीचा मान या नाशिककरांना कधी मिळाला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

साधा_सवाल

दुखवायचा हेतू नाही, पण विचारतो. आपल्याच जिल्ह्यात मंडळ्यांचे वाद कोर्टात आहेत, तरुण पोरं चर्चला येत नाहीत, गावोगाव ख्रिस्ती माणूस दबकून राहतो. आपलं सोडून केनिया कशाला? आणि इथे बसून प्रार्थना केल्याने तिथे काय बदलतं?

शरणपूरची_लेक

दादा, दुखवलं नाहीत. हा प्रश्न आमच्या मंडळातही येतो.

माझ्यापुरतं उत्तर असं, की आपल्यासाठी तर रोजच प्रार्थना करते. पण नुसतं आपल्यासाठीच मागत राहिलं की प्रार्थनेची हळूहळू तक्रारवही होते, हे मी स्वतःत पाहिलंय. आई सांगायची, शेजारणीच्या आजारी पोरासाठी गुडघे टेकलेस की स्वतःच्या घरातलं भांडण आपोआप बारीक होतं. तिथे काय बदलतं ते देवाच्या हाती. माझ्यात मात्र बदलतं. ज्या मंडळीचं नाव मी देवापुढे घेतलं तिच्याविषयी मला नंतर वाट्टेल ते बोलता येत नाही, आणि तिची बातमी आली की पान उलटता येत नाही.

नैरोबीकर

मराठी पाटीवर केंगेलेनीचं नाव वाचून डोळे भरून आले. अकरा वर्षं नैरोबीत आहे, माहेर अहमदनगरचं. इथल्या मंडळीतच उपासनेला जाते. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी इथलं जे आनंदाचं आहे ते. इथे 'केशा' असते, रात्रभराची प्रार्थना. माझ्या शेजारी बसणारी बाई मामा म्बोगा आहे, म्हणजे कोपऱ्यावर भाजीचा गाळा लावणारी. शुक्रवारी रात्री नऊला येते. उरलेल्या सुकुमा विकीच्या (इथल्या पालेभाजीच्या) जुड्या ओल्या कापडात गुंडाळून बाकाखाली ठेवते, पहाटे चारपर्यंत उभी राहून गाते आणि तिथूनच थेट बाजारात माल घ्यायला जाते. देवाशी बोलताना ती मुलाच्या शाळेच्या फीचा आकडा सांगते. शिलिंगसकट. तिची प्रार्थना ऐकली की माझी मला फार गुळमुळीत वाटते.

आता दुखणं. पहिलं म्हणजे पैसा आणि पुलपिट, म्हणजे चर्चमधलं उपदेशाचं व्यासपीठ. इथे राजकारणी माणूस रविवारी चर्चमध्ये येतो, पुढच्या बाकावर बसतो, मग माइक हातात घेऊन विरोधकांवर बोलतो आणि जाताना इमारतीसाठी मोठी रक्कम जाहीर करतो. ती कुठून आली हे विचारायची सोय नसते. २०२१च्या सप्टेंबरात बुटेरेला रोझ ओकेनो यांची बिशप म्हणून दीक्षा झाली. केनियात अँग्लिकन धर्मप्रांताच्या प्रमुख झालेल्या त्या पहिल्या स्त्री. (तुमच्या महिला मंडळात हे नाव जरूर घ्या.) मोठमोठे पुढारी समोर बसलेले होते आणि त्याच उपासनेत आर्चबिशप ओले सापित यांनी सांगून टाकलं की यापुढे आमच्या पुलपिटवरून राजकारण्यांना बोलता येणार नाही.

२०२४च्या जूनमध्ये करवाढीविरुद्ध तरुण रस्त्यावर आले तेव्हा त्यांचा राग सरकारइतकाच चर्चवरही होता. "आमच्या खिशातून काढलेले पैसे तुम्ही वेदीवर कसे घेता?" असं ती पोरं विचारत होती, आणि ती पोरं आमच्याच संडे स्कूलमधली होती. पोलिसांच्या गोळ्या सुटल्या त्या दिवसांत ऑल सेंट्स कॅथीड्रलने दार उघडून त्यांना आसरा दिला, ते फार मोलाचं झालं. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षांनी सोवेटो वस्तीतल्या एका कॅथलिक चर्चला फादरांच्या घरासाठी आणि गायकवृंदासाठी पैसे दिले. नैरोबीचे आर्चबिशप अन्योलो यांनी ते परत केले. दुसऱ्या दिवशी मटाटूमध्ये (इथल्या मिनीबसमध्ये), बाजारात, सगळीकडे तीच चर्चा.

तेव्हा पहिली विनंती ही: इथल्या पाळकांना 'नको' म्हणायचं बळ मिळावं. लहान मंडळीच्या पाळकाला ते फार जड जातं. पत्रा गळत असतो आणि समोर पाकीट असतं.

वसईचा_पोर

सर्वांना येशूच्या नावाने नमस्कार. कॅथलिक बाजूने थोडी भर.

सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्याला पोहोचण्याआधी, १५४२ साली, त्यांचं जहाज मालिंदीला थांबलं होतं. आज केनियात आहे तेच मालिंदी. जहाजावरच्या एका मेलेल्या माणसाला तिथे पुरलं. मालिंदीतलं छोटं पोर्तुगीज चॅपल अजून आहे. आम्ही वसईकर डिसेंबरात जुन्या गोव्याला जातो, पण त्या वाटेवर मालिंदी होतं हे किती जणांना ठाऊक आहे?

दुसरी गोष्ट कडू आहे. मोंबासाचा राजपुत्र युसुफ बिन हसन याला पोर्तुगीजांनी लहानपणी गोव्याला नेलं, ऑगस्टिनियन फादरांकडे वाढवलं, बाप्तिस्मा देऊन जेरोनिमो नाव ठेवलं आणि मोंबासाच्या गादीवर बसवलं. पोर्तुगीज कप्तानांच्या जाचाला आणि अपमानाला तो कंटाळला. १६३१च्या ऑगस्टमध्ये त्याने मोंबासाच्या पोर्तुगीज किल्ल्यात, फोर्ट जीझसमध्ये, कप्तानाला मारलं आणि मग पोर्तुगीज, आफ्रिकन, बायका, मुलं असे दीडशेहून अधिक ख्रिस्ती मारले गेले. पुष्कळांना धर्म सोडता का, असं विचारलं गेलं होतं. आम्ही त्यांना मोंबासाचे हुतात्मे म्हणतो आणि आदराने म्हणतो. पण त्यांच्यासाठी प्रार्थना करताना मला त्या गोव्यात वाढलेल्या पोराचाही विचार येतो. बाप्तिस्मा दिला आणि माणूस म्हणून वागवलं नाही. ही चूक आपल्या बाजूची होती.

पिंपरीहून

शाकाहोलाबद्दल अजून कोणी बोललेलं नाही, म्हणून लिहिते. लिहिताना हात थरथरतोय.

वसईच्या भावाने मालिंदी म्हटलं. त्याच मालिंदीच्या आतल्या बाजूला शाकाहोलाचं रान आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये तिथे उथळ खड्ड्यांतून मृतदेह निघायला लागले, ते चारशेच्या वर गेले. त्यात लेकरं किती होती. जगाचा शेवट आलाय, उपाशी राहून मरा म्हणजे येशू भेटेल, असं शिकवल्याचा आरोप पॉल मॅकेन्झी या उपदेशकावर आहे आणि खटला चालू आहे. काहींचा गळा दाबला गेल्याचंही शवविच्छेदनात आढळलं. ज्या किलिफी जिल्ह्यात हे रान आहे त्याच जिल्ह्यात जोन्सचं राबाईही आहे.

लोक म्हणतात, असे कसे फसले? मला तसं विचारवत नाही. माझी मावशी एका घरगुती प्रार्थनासभेला जायची. तिथल्या माणसाने सांगितलं, गोळ्या घेतेस म्हणजे तुझा विश्वास कमी आहे. तिने बीपीच्या गोळ्या पिठाच्या डब्यात लपवून ठेवल्या, आम्हाला वाटायचं घेते. सात आठवड्यांनी डावी बाजू गेली. डबा उघडला तेव्हा पिठात माखलेली ती पाकिटं सापडली, एकही गोळी फोडलेली नव्हती. मावशी अडाणी नव्हती, शिक्षिका होती. एकटी होती, आणि त्या सभेत कोणीतरी तिला रोज नावाने हाक मारत होतं.

शाकाहोलातली माणसंही कोणाच्या तरी मावश्या होत्या. जे वाचले त्यांच्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी मुलांना उपाशी ठेवलं आणि स्वतः जिवंत राहिले, त्या आयांसाठी पण. त्यांच्यासाठी माझ्याकडे शब्दच नाहीत.

मुळाकाठ

ताई, वाचून गप्प बसलो होतो. एवढंच विचारतो, अशा उपदेशकांना आवर घालायला सरकारने कायदा करायला नको का? तिथे तसं काही चाललंय का?

नैरोबीकर

पिंपरीच्या ताई, तुमच्या मावशींचं नाव मनात घेऊन आज रात्री प्रार्थना करेन.

मुळाकाठ, शाकाहोलानंतर सरकारने रेव्हरंड मुटावा मुस्यिमी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. धर्मसंस्थांची नोंदणी, उपदेशकांची पात्रता, जबाबदारी यावर तिने अहवाल दिला. इथे मतं फाटलेली आहेत. काहींना वाटतं कायदा हवाच, माणसं मेली आहेत. काहींना भीती वाटते की आज मॅकेन्झीसाठी केलेला कायदा उद्या सरकारवर टीका करणाऱ्या बिशपवर वापरतील. मला दोन्ही पटतं, पण मुलांच्या बाबतीत कायदा हवाच या मताची मी आहे. लेकरू उपाशी मरत असताना धर्मस्वातंत्र्य मध्ये येता कामा नये.

आणि एक. शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी आधी सांगितलं होतं, ऐकलं कोणी नाही. मोठ्या मंडळ्यांनीही 'तो आपल्यातला नाही' म्हणून सोडून दिलं. दुसरी विनंती ही घ्या: आम्हाला हरवलेल्या माणसांच्या मागे जायची सवय लागावी.

बारामतीचा_वाचक

गारिसाबद्दलही मागा. २ एप्रिल २०१५, पुण्य आठवड्यातला गुरुवार. पहाटे साडेपाचच्या सुमारास सोमालियातल्या अल-शबाब या दहशतवादी संघटनेचे हल्लेखोर ईशान्य केनियातल्या गारिसा विद्यापीठात शिरले. ख्रिस्ती विद्यार्थी संघाची मुलं एका वर्गात पहाटेच्या प्रार्थनेला जमली होती, ती आधी सापडली. मग वसतिगृहात विचारून विचारून ख्रिस्ती मुलं वेगळी काढली. १४८ जण गेले, त्यातले १४२ विद्यार्थी. मी त्या वर्षी होस्टेलला होतो. आम्हीही पहाटे प्रार्थनेला जमायचो. त्या रविवारी ईस्टरला गाणं म्हणता आलं नाही.

तिथल्या मुसलमानांचं हृदय बदलावं अशी प्रार्थना करावी असं मला वाटतं.

नैरोबीकर

दादा, भावना समजते. पण ही ओळ थोडी बदला अशी विनंती करते.

सोमाली सीमेजवळ मंडेरा आहे. २०१४च्या नोव्हेंबरात तिथे बस अडवून २८ जणांना मारलं, मुसलमान नसलेल्यांना वेगळं काढून. पुढच्या वर्षी डिसेंबरात तशीच बस पुन्हा अडवली. या वेळी बसमधल्या मुसलमान बायकांनी शेजारच्या ख्रिस्ती बायकांच्या डोक्यावर आपल्या ओढण्या टाकल्या आणि सगळ्यांनी मिळून सांगितलं, मारायचं तर सगळ्यांना मारा, वेगळे होणार नाही. सलाह फराह नावाचे मुसलमान शिक्षक त्या बसमध्ये होते. त्यांना गोळी लागली, जानेवारीत ते गेले. २०१२मध्ये गारिसातल्या चर्चवर हल्ले झाले तेव्हाही मुसलमान पुढाऱ्यांनी चर्चला पहारा द्यायची तयारी दाखवली होती.

तेव्हा सलाह फराह यांच्या घरच्यांसाठी मागा. आणि ईशान्येच्या भागात जे ख्रिस्ती शिक्षक आणि नर्सेस अजून नोकरी करतात त्यांच्यासाठी, कारण बदली मागून निघून जाणं सोपं असतं.

बारामतीचा_वाचक

मंडेराची ही गोष्ट मला माहीत नव्हती. ओळ मागे घेतो. सलाह फराह हे नाव वहीत लिहून ठेवलं.

साधा_सवाल

मीच वर विचारलं होतं केनिया कशाला म्हणून. सगळं वाचलं. आता मीच एक विषय देतो.

२००८च्या पहिल्या जानेवारीला एल्डोरेटजवळ कियांबाला चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या लोकांसकट चर्च पेटवलं होतं, निवडणुकीनंतरच्या दंगलीत. जाळणारेही ख्रिस्ती, जळणारेही ख्रिस्ती, भांडण जमातीचं. त्या दंगलीत देशभर हजाराहून अधिक माणसं मेली. नंतर केनियाच्या चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेने जाहीर कबुली दिली की आम्ही पुढारी पक्षपाती झालो होतो. अशी कबुली आपल्याकडे कोणी दिली तर आपल्या मंडळ्यांचे अर्धे खटले मिटतील. त्यांची पुढची निवडणूक २०२७ला आहे. हे यादीत घ्या.

शरणपूरची_लेक

घेतलं दादा, आणि तुमच्याकडून आलं म्हणून जास्त बरं वाटलं.

बुधवारसाठी लिहिलंय ते इथे टाकते. काही खटकलं तर सांगा.

"हे प्रभो, केनियातल्या आमच्या भावाबहिणींना आम्ही तुझ्यापुढे आणतो. त्यांचे काही वाडवडील आमच्या गावात लहानाचे मोठे झाले, आमच्याच वेदीजवळ तुझं नाव शिकले. त्यांना आम्ही विसरलो, आम्हाला क्षमा कर.

गळक्या छपराखाली पाकीट नाकारणाऱ्या पाळकाला धीर दे, आणि छपरासाठी पत्रेही दे. बिशप रोझ आणि तिच्यासारख्या बायांना उभं ठेव. रस्त्यावर उतरलेल्या पोरांचा राग तू ऐकलास, त्यांना तुझ्या घराचं दार बंद दिसू नये. शाकाहोलातल्या लेकरांना तू जवळ घेतलं आहेस असा आमचा विश्वास आहे. त्यांच्या वाचलेल्या आयांजवळ तूच बस, आम्हाला काय बोलावं ते कळत नाही. गारिसाच्या घरांत रिकाम्या राहिलेल्या जागा तू जाणतोस. सलाह फराह यांच्या घराला आशीर्वाद दे. २०२७ला कोणाचं दार पेटू नये. शुक्रवारी रात्रभर तुला गाणाऱ्या त्या भाजीवाल्या बाईच्या मुलाची फी भरली जावो. येशूच्या नावाने मागतो. आमेन."

पिंपरीहून

"आम्हाला काय बोलावं ते कळत नाही" ही ओळ काढू नका.

वसईचा_पोर

आमच्या गावच्या रोझरीत शुक्रवारी हेच हेतू घेतो, फादरांना विचारलंय. मालिंदीचं नाव जोडतो.

नैरोबीकर

फीचं वाक्य तिला स्वाहिलीत सांगितलं. आधी हसली, मग ओढणीने डोळे पुसले आणि विचारलं, "नाशिक कुठे आहे?" मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. मोंबासा आणि मुंबई यांच्यामध्ये नुसतं पाणी दिसतं, त्यावर तिने बोट फिरवलं. आता ती म्हणते, तुम्ही ज्या वेळी बसाल त्याच वेळी आम्हीही चार-पाच जणी तुमच्यासाठी बसू. वेळ कळवा. आणि तुमच्याकडचे विषयही पाठवा, नुसते आमचेच नकोत.

शरणपूरची_लेक

बुधवारी रात्री साडेआठ. तुमच्याकडे तेव्हा सहा वाजलेले असतील ना? विषय उद्या पाठवते. पहिला विषय रिकाम्या बाकांचा.

नैरोबीकर

हो, सहा. पण तिला सांगताना 'बारा' म्हणावं लागतं. स्वाहिलीत तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, म्हणून संध्याकाळचे सहा म्हणजे बारा. तिने गाळ्याच्या फळीवर खडूने लिहून ठेवलंय: बुधवार, बारा, नासिक.